एका ताईंनी किती घरे सांभाळावी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी बाहेरून कोणी शिकलेल्या बाई बोलावून त्यांचे भाषण ठेवावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. माहेर रोह्याचे, सासर पेणचे. कुंडलिकेच्या काठची भोगावतीच्या काठी आले, एवढाच काय तो माझा प्रवास. तेव्हा मोठमोठ्या गोष्टी माझ्याकडून व्हायच्या नाहीत. परंतु जी बाई आपल्या दारावरून रोज जाते, जिला आपण हाक मारून निरनिराळी कामे सांगतो, तिच्याविषयी चार शब्द बोलावे असे मनात आले. ही बाई म्हणजे अंगणवाडीच्या ताई.

सरकारच्या योजना पुष्कळ असतात. वर्तमानपत्रात त्यांच्या जाहिराती येतात, रकमा येतात. पण रक्कम मुंबईत मंजूर झाली म्हणजे वाडीवरच्या पोराच्या पोटात खाऊ गेला असे होत नाही. मधे एक माणूस लागते. ते माणूस किती जणांना पुरे पडते आणि त्याला ते काम कोणी, किती दिवस शिकवले, या दोन प्रश्नांवर योजनेचे बरेवाईट ठरते. आपण मात्र रक्कम किती एवढेच विचारतो. हे दोन प्रश्न आजवर आपण कोणी विचारले नाहीत, म्हणून आज विचारू या.

प्रथम थोडे मागचे सांगते. अंगणवाडी हे नाव दिल्लीहून आलेले नाही, ते आपल्याच भागातले आहे. १९४५ साली, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी खेड्यातील मुलांसाठी बालवाडी सुरू केली. पाड्यावरची पोरे बालवाडीत येईनात. तेव्हा त्या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. तेथे त्यांनी मुले शिकवली तशाच मुलांना सांभाळणाऱ्या बायाही शिकवून तयार केल्या. बाई तयार नसेल तर नुसत्या अंगणाचा उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरे नाव दुर्गाबाई देशमुखांचे. आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५३ च्या जानेवारीत त्यांचा दुर्गाबाईंशी विवाह झाला, म्हणजे एका अर्थी त्या आमच्या रोह्याच्या सूनबाई. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९५४ पासून या मंडळाने सुमारे पंचवीस-पंचवीस खेड्यांचे गट पाडून बालवाडी, बाळंतिणीची काळजी, शिवणकाम अशी कामे सुरू केली. त्यांसाठी ग्रामसेविका हव्या होत्या. शिकलेल्या बाया खेड्यात राहायला येईनात, आणि खेड्यातल्या बाया शिकलेल्या नव्हत्या. मग १९५८ साली मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी थोड्या काळात शिक्षण पुरे करण्याचे वर्ग निघाले. ज्यांचे शिक्षण मधेच तुटले अशा बायांना पुन्हा पाटीवर बसवून सेविका, दाई, शिक्षिका होण्याच्या वाटेवर आणले. शिक्षण तुटलेल्या बाईला त्याचे मोल किती, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पूरक आहार, शाळेआधीचे शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, दुखण्याच्या मुलाला पुढे दवाखान्यात पाठवणे आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती देणे, अशी सहा कामे ठरली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत व आपल्या महाराष्ट्रात १ लाख १० हजारांच्या आसपास. जगात लहान मुलांसाठी एवढे मोठे काम फार थोड्या ठिकाणी असेल.

आता ओझ्याचा हिशेब करू. खेड्यात ४०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी, असा नियम आहे. आदिवासी वस्तीत ३०० पासून. एका घरात पाच माणसे धरली तर ८०० वस्तीची १६० घरे झाली. या १६० घरांतील सहा वर्षांखालची सगळी मुले, गरोदर बायका आणि बाळंतिणी एका ताईंच्या आणि एका मदतनीसबाईंच्या हाती. वस्ती खाली भातशेतीच्या सपाटीवर असली तर एक वेळ निभते. पण पेण आणि रोह्याच्या डोंगरअंगाला ठाकूर-कातकरी बांधवांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. कागदावर तेवढीच घरे, पण चालायचे अंतर तिप्पट. पावसाळ्यात ओढा आडवा आला की तेही नाही. शिवाय कातकरी मंडळी दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात. मुले नावावर येथे, आणि पोट भरते परमुलखात. माणसे मोजून ओझे ठरवले आणि वाट मोजली नाही, तर असे होते.

ताईंच्या वर मुख्यसेविका असतात. एका मुख्यसेविकेकडे २५ अंगणवाड्या असाव्या, असे ठरले आहे. महिन्याला कामाचे दिवसही तेवढेच. म्हणजे बैठका, अहवाल, तालुक्याच्या फेऱ्या हे सगळे सोडून त्या रोज एका ठिकाणी गेल्या, तरी दुसऱ्यांदा त्या अंगणवाडीत पुढच्याच महिन्यात. त्यातून शेजारची जागा रिकामी असली की तिचा कार्यभारही त्यांच्याकडेच. वास्तविक मुख्यसेविकेने शेजारी बसून, काट्यावर मूल कसे घ्यावे, तक्ता कसा भरावा हे हाताला धरून दाखवायचे. तेवढी उसंत नसली म्हणजे मग त्या फक्त वह्या तपासतात.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. २०२२ च्या पावसाळ्यातील. आमच्याकडे लावणीला येणारी एक म्हातारी, डोंगराकडच्या वाडीवरची. वाडीचे नाव मी घेत नाही. एक दिवस बांधावर भाकरी खाताना ती म्हणाली, “बाई, नातीच्या पायातलं वाळं आपसूक गळून पडतंय.” नात दीड वर्षाची. मी विचारले, अंगणवाडीत वजन केले का? तर दोन महिने वजनच झालेले नव्हते. त्या दिवसांत ताईंकडे एका तातडीच्या मोजणीचे काम आले होते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या घरोघर कागद भरत फिरत होत्या. निरोप गेला तशा ताई दुसऱ्याच दिवशी पावसात वाडीवर गेल्या. दंडाला पट्टी लावली, तर काटा तांबड्यात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला म्हणजे ते मूल अति कुपोषित समजतात. पोरीला दवाखान्यात पोचवली. देवाच्या दयेने आणि औषधपाण्याने ती सावरली. पुढे ताई मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “काकू, मोजणीला शेवटची तारीख होती. पोरीच्या वजनाला तारीख नव्हती.”

भगिनींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ताई आळशी नव्हत्या. त्यांच्याकडे दोन कामे होती; एकाला तारीख होती, दुसऱ्याला नव्हती. तारखेचे काम पुढे सरकले. ज्याला बोलता येत नाही, अर्ज करता येत नाही, ते दीड वर्षाचे पोर मागे राहिले. ओझे वाढले म्हणजे सगळे काम थोडेथोडे मागे पडते असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. जो ओरडत नाही त्याचे काम आधी मागे पडते.

आता दुसरा प्रश्न, शिकवण्याचा. योजनेच्या सुरुवातीच्या काळात सेविकांचे शिक्षण तीन महिन्यांचे असे. पुढे ते कमी होत होत २६ कामाच्या दिवसांवर आले, आणि दर दोन वर्षांनी पाच दिवसांची उजळणी. २०२३ च्या मे महिन्यात ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम निघाला, त्यात तीन दिवसांचे वर्ग होतात. कार्यक्रम चांगला आहे, खेळातून शिकवण्याचा आहे. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाला कसे शिकवावे हे तीन दिवसांत किती येणार, हे तुम्हीच सांगा.

आपल्या पेणचे गणपती देशोदेशी जातात. हमरापूर-जोह्याकडे घरोघर कारखाने आहेत. तेथे नवा पोरगा कामाला आला म्हणजे पहिल्या दिवशी त्याच्या हाती डोळ्यांची आखणी देतात का? आधी माती, मग साचा, मग घासकाम, मग अंगाचा रंग. डोळ्यापर्यंत हात जायला वर्षे जातात. आणि ज्याचा हात डोळ्यांवर बसला, त्याला ऐन हंगामात कोणी मूर्ती उचलायला पाठवीत नाही. मातीच्या मूर्तीसाठी आपण एवढी काळजी घेतो. हाडामांसाच्या लेकरांसाठी मात्र बाईला थोड्या दिवसांत सगळे शिकवतो, आणि मग तिला भलत्याच कामाला पाठवतो.

मुलाचे वजन घेणे हे काम सोपे वाटते, पण ते तसे नाही. काटा आधी शून्यावर आणायचा, मुलाच्या अंगावरचे जाड कपडे काढायचे, नजर काट्याच्या रेषेत ठेवून वाचायचे. दोन वर्षांखालचे मूल आडवे निजवून मोजायचे, वरचे उभे करून. रडणारे, हातपाय झाडणारे मूल असले की शंभर-दोनशे ग्रॅम इकडचे तिकडे सहज होते. आणि तेवढ्याने एक मूल तक्त्यावर बरे ठरते किंवा आजारी ठरते. हे वही वाचून येत नाही. स्वयंपाक जसा आईच्या शेजारी चुलीपाशी बसून येतो, तसे हेही कोणी जाणत्या बाईने शेजारी बसून शिकवावे लागते.

त्यात आता फोन आला. १ मार्च २०२१ पासून सगळ्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’वर कराव्या लागतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातील पुष्कळ सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन वारंवार बंद पडत आणि नोंदी इंग्रजीत करायच्या, ही त्यांची तक्रार. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना घेणाऱ्या बाईचा चेहरा फोनवर ओळखून घ्यावा लागतो. चोरी होऊ नये हा हेतू चांगला. पण वाडीवर फोनला रेंज नसली की ताई टेकाडावर चढून हात वर धरून उभ्या, आणि गरोदर बाई खाली उन्हात उभी. यंत्र दिले की त्याबरोबर शिकवणेही द्यावे, आणि यंत्र अडले तर काय करावे हेही सांगून ठेवावे. नाहीतर यंत्राचा सगळा राग ताईंवर निघतो.

२०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले. महिना १५०० रुपये, २१ ते ६५ वर्षांच्या बहिणींना. मुदत आधी १५ जुलै, मग ३१ ऑगस्ट, पुढे आणखी वाढली. राज्यात दोन कोटींहून अधिक बहिणींना लाभ मिळाला. त्यांतल्या पुष्कळशा येथे बसल्या आहेत, आणि त्या पैशाने कोणाचे औषध आले, कोणाची शिलाई मशीन आली, हे मला ठाऊक आहे. त्या अर्जांचे मोठे काम अंगणवाडीच्या ताईंनी केले. पात्र अर्जामागे ५० रुपये देण्याचे ठरले. आधार जुळते का, बँकेचे खाते कोणते, माहेरचे नाव की सासरचे, हे सगळे प्रश्न आपण त्यांनाच विचारले. पैसे आले ते आनंदाचे झाले, आणि ताईंनी ते मनापासून केले. पण त्या महिन्यांत अंगणवाडीतल्या मुलांना गाणी शिकवायला दुसरे माणूस दिले होते का, हे आपल्यापैकी कोणी विचारले नाही.

कोणी म्हणेल, “मानधन घेतात ना? मग काम केलेच पाहिजे.” आपल्याच मंडळात मी हे ऐकले आहे. त्या बहिणींना मी एवढेच सांगते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सेविकांच्या दाव्यात सांगितले की, हे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, आणि त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. नाव मानधनाचे, पण काम पुऱ्या दिवसाचे, असा हा प्रकार आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ राज्यातील अंगणवाड्या संपामुळे बंद होत्या. तेव्हा आपल्याला कळले की ताई नसल्या म्हणजे गावात काय काय थांबते. ज्या बाईवाचून गाव अडते, तिला अर्धवेळ कसे म्हणावे?

आणखी एक हात दिला तर खरोखर फरक पडतो का? माझ्या लेकीने मला एक माहिती वाचून दाखवली. तमिळनाडूत २०१६ च्या सुमारास ६४० अंगणवाड्या निवडल्या. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी, फक्त मुलांना शिकवण्यासाठी एक अर्धवेळ जादा बाई दिली. पुढे पाहिले तर त्या ठिकाणी शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलांना अधिक येऊ लागले होते, आणि आश्चर्य म्हणजे कुपोषणही कमी झाले होते. कारण शिकवणे दुसरीने उचलले, तशी मूळच्या सेविकेला आहाराकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली. आपल्या घरात एक जाऊ चुलीपाशी आणि एक पोरांपाशी असली की दोन्ही कामे कशी होतात, तसेच हे.

आता आपण काय करावे? नुसते बोलून उठायचे नाही. मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवते.

पहिली : आपल्या वस्तीच्या अंगणवाडीत मुले किती, गरोदर व बाळंतिणी किती, आणि ताई, मदतनीस, मुख्यसेविका यांच्या जागा भरलेल्या आहेत की रिकाम्या, हे आपण लिहून काढावे. तोंडी न कळले तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचे तिकीट लावून साध्या कागदावर अर्ज करता येतो.

दुसरी : ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. आपल्या ओळखीच्या वाड्यांवर मुले मोजून, ग्रामसभेत ठराव करून ही मागणी करावी.

तिसरी : जादा मोहीम आली की जादा माणूस द्यावे, आणि ताई शिकायला गेल्या असताना अंगणवाडी उघडी राहील अशी सोय असावी, असे निवेदन आपण तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यावे. शिक्षणाचे दिवस वाढवावे, आणि त्यातले काही दिवस काट्यापाशी, प्रत्यक्ष मुलांत बसून असावे, हेही त्यात लिहावे. आपले आहे म्हणून मागायचे, भांडण म्हणून नव्हे.

चौथी : वजनाच्या दिवसाला आपण तारीख द्यावी. महिन्यातला एक दिवस ठरवून मंडळाच्या दोन-दोन जणींनी पाळीपाळीने अंगणवाडीत जावे. मुले घरून आणावी, रांगेत बसवावी, रडणाऱ्याला कडेवर घ्यावे. वजन ताईंनीच घ्यायचे, नोंद ताईंनीच करायची. तसेच अर्जाच्या दिवसांत लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या मुलींनी दुपारी मंडळात बसून बायकांचे कागद लावून द्यावे, म्हणजे ताईंच्या दारची गर्दी निम्मी होईल.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आपण फुकट राबू लागलो की वर असे वाटायला नको की, चला, बायका आहेतच, जागा भरायला नको. म्हणून मदत करताना तिसरी मागणी सोडायची नाही. आपली मदत शेजारधर्माची. रिकामी जागा भरणे हे सरकारचेच काम आहे, ते आपल्या पदराखाली झाकून ठेवायचे नाही.

तेव्हा येत्या महिन्याचा वजनाचा दिवस ताईंना विचारून आजच ठरवावा, आणि पहिल्या पाळीला माझे नाव लिहावे, अशी मी चिटणीसबाईंना विनंती करते. दुसरे नाव कोणाचे, ते आता सभेने सांगावे.